सॅम्युअल बोर्न : हिमालय कांचेवर उतरविणारा छायाचित्रकार

हिमालय हा शब्द कानीं पडतांच आमच्या डोळ्यांपुढें बर्फाच्छादित शिखरें, देवदारांचीं अरण्यें आणि खोल दरींतून फेसाळत धांवणाऱ्या नद्या उभ्या राहतात. वास्तविक सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या आम्हां लोकांपैकीं फारच थोड्यांनीं तो पर्वत प्रत्यक्ष पाहिलेला असतो. आमचा बहुतेकांचा हिमालयाशीं परिचय चित्रांतूनच झालेला आहे. आजकाल खिशांतील मोबाइलनें एका दिवसांत शेंकडों चित्रें काढतां येतात, आणि पाठविलेलें चित्र पाहून होण्यापूर्वींच दुसरें येऊन पडतें. परंतु ज्या काळीं एक चित्र काढावयाचें म्हणजे तंबू ठोकावा लागे आणि बर्फ वितळवून पाणी करावें लागे, त्या काळीं अठरा हजार फुटांवर जाऊन ज्यानें या पर्वताचीं चित्रें आणिलीं, त्या सॅम्युअल बोर्न नांवाच्या इंग्रज गृहस्थाचें चरित्र आम्हीं येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. तें सर्वस्वी गौरवाचें नाहीं, हेंही आरंभींच सांगून ठेवतों.

बोर्न याचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजीं इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर व श्रॉपशायर या दोन परगण्यांच्या सीमेजवळील मकल्स्टन येथें एका शेतवाडीवर झाला. सन १८५५ च्या सुमारास तो नॉटिंगहॅम शहरांतील एका पेढींत कारकून म्हणून नोकरीस लागला. दिवसा जमाखर्च लिहावा आणि फुरसतीच्या वेळीं कॅमेरा घेऊन रानोमाळ भटकावें, असा त्याचा क्रम सुरू झाला. छायाचित्रणाची कला तेव्हां उणीपुरी वीस वर्षांची होती. तिच्या नादीं लागलेले पुष्कळ तरुण त्या काळीं होते. परंतु बोर्नचें वेड क्षणिक नव्हतें. नॉटिंगहॅमच्या प्रदर्शनांत १८५९ सालीं त्याचीं चित्रें मांडलीं गेलीं, व १८६२ सालीं लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतही त्यांस स्थान मिळालें. मग मात्र त्यानें पेढीच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि १८६३ च्या प्रारंभीं तो कलकत्त्यास येऊन पोहोंचला. अंगावरची नोकरी सोडून परमुलखांत छायाचित्रांवर पोट भरावयास निघणें, हें त्या वेळच्या शहाण्या लोकांस खुळेपणाचेंच वाटलें असावें असा आमचा तर्क आहे.

येथें आमच्या प्रांतासंबंधीं एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बोर्न हिंदुस्थानांत आला तेव्हां ही कला या देशास नवखी नव्हती. मुंबईस १८५४ सालींच छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली होती, आणि सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु नारायण दाजी या उभयतांनीं तिच्या कार्यांत भाग घेतला होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ सालीं या कलेचा वर्गही निघाला होता. अर्थात् बोर्न यानें कॅमेरा येथें आणिला असें नव्हे. त्यानें केलें तें हें कीं, जेथें कॅमेरा नेणें कोणास शक्य वाटत नव्हतें तेथें तो नेला.

कलकत्त्यास विल्यम हॉवर्ड नांवाच्या छायाचित्रकाराशीं त्याची भागीदारी झाली व दोघांनीं सिमल्यास दुकान घातलें. पुढें चार्ल्स शेफर्ड हा तिसरा भागीदार मिळाला आणि कालांतरानें हॉवर्ड निघून गेल्यावर 'बोर्न आणि शेफर्ड' हें नांव कायम झालें. कामाची वांटणी मोठी सोयीची होती. शेफर्डनें सिमल्यास राहून साहेब लोकांच्या व राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढाव्या, चित्रें छापण्याचें काम पाहावें. आणि बोर्ननें डोंगर पालथे घालावे.

डोंगर पालथे घालणें म्हणजे काय, हें समजण्यासाठीं त्या काळची रीत ठाऊक असली पाहिजे. तेव्हां फिल्म नव्हती. कांचेच्या स्वच्छ तावदानावर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा. हा द्रव रासायनिक कापूस ईथर व मद्यार्क यांत विरघळवून करीत. तावदान हातावर तोलून चारी कोपऱ्यांकडे असें कलतें करावयाचें कीं, द्रवाचा थर सर्वत्र सारखा बसावा व एक थेंबही मनगटावर ओघळूं नये. मग अंधाऱ्या तंबूंत शिरून तें सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाचें, म्हणजे त्यास प्रकाश टिपण्याची शक्ति येई. तेथून तें बंद चौकटींत घालून कॅमेऱ्याकडे न्यावयाचें, चित्र घ्यावयाचें, आणि पुन्हां तंबूंत येऊन द्रावण ओतून तें उमटवावयाचें, धुवावयाचें, पक्कें करावयाचें. हें सर्व कांच ओली आहे तोंवर, म्हणजे कांहीं मिनिटांच्या आंत झालें पाहिजे. थर वाळला कीं सारें फुकट. आंत ईथरच्या वासानें डोकें भणभणावें, बाहेर वाऱ्यानें कॅमेरा हलावा, धुळीचा एक कण कांचेवर बसला तर ऐन शिखराच्या माथ्यावर डाग पडावा! शिवाय एकेका चित्रास कित्येक सेकंद लागत; तेवढ्या वेळांत झाडाचें पान हललें कीं तें चित्रांत पुसट होई, आणि वाहतें पाणी दुधासारखें दिसे. निळा रंग या कांचेवर पांढऱ्याप्रमाणेंच उमटत असल्यामुळें आकाश बहुधा कोरेंच राही. मोठें चित्र हवें तर कांचही तेवढीच मोठी लागे, कारण कांचेवरील चित्र तेवढ्याच आकारांत कागदावर उतरवीत. बोर्न बारा इंच लांब व दहा इंच रुंद अशा कांचा वापरी. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर तीं चित्रें उन्हांत छापलीं जात.

अशा सामग्रीनिशीं २९ जुलै १८६३ रोजीं तो सिमल्याहून पहिल्या स्वारीवर निघाला. बरोबर सुमारें तीस हमाल होते. सतलज नदीच्या खोऱ्यानें तो चिनी या गांवापर्यंत (हल्लीं त्यास कल्पा म्हणतात) आणि तेथून पुढें स्पितीच्या सीमेकडे गेला. सिमल्याच्या आसपासचा डोंगर पाहून प्रथम त्याची निराशाच झाली होती. इंग्लंडांत त्याची नजर घडली होती ती सरोवरें, ओढे, पडकीं धर्मगृहें आणि वेलींनीं झांकलेले पूल यांवर. येथें एकामागून एक डोंगरांच्या सोंडा, पाण्याचा मागमूस नाहीं, आणि अंतरें इतकीं अफाट कीं कॅमेऱ्याच्या भिंगांत सारें लहान होऊन जावें. पर्वत भव्य आहे हें त्यास पटत होतें. पण भव्यता चित्रांत कशी मावावी हें त्यास उमगत नव्हतें. आमच्या मतें त्याच्या साऱ्या कामाची मेख येथेंच आहे. चित्राच्या एका कोंपऱ्यांत जवळचें झाड, एखादा खडक किंवा बसलेला माणूस घ्यावा, आणि त्याच्या मापानें मागच्या कड्याची उंची पाहणाऱ्यास कळावी, ही युक्ति त्यानें पुनःपुन्हां योजिली. सतलजच्या खोऱ्यांतील देवदार, दोराचे झुलते पूल, पुढें झाडोरा संपून लागणारे उघडे, भगभगीत डोंगर, यांतून वाट काढतां काढतां त्याची नजर बदलत गेली. उंच खिंडींत थंडीनें बोटें बधिर झालीं असतांही त्यानें कांच तयार केली. ऑक्टोबरच्या १२ तारखेस तो सिमल्यास परतला तेव्हां त्याच्यापाशीं १४७ कांचा होत्या.

आतां ती दुसरी बाजू. या स्वारीची हकीकत बोर्ननें स्वतःच लिहून लंडनच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकांत छापविली आहे, म्हणून ती आम्हांस ठाऊक आहे. नाहीं तर हमालांच्या तोंडून ती कोणीं लिहून ठेविली असती? वाटेंत एके ठिकाणीं हमाल ओझीं टाकून पळून गेले. बोर्न हातांत जाड काठी घेऊन त्यांच्या शोधार्थ गांवांत शिरला, घरांत लपून बसलेल्यांस त्यानें हुडकून काढिलें आणि मारून ओझ्यास लाविलें. हें त्यानें लपविलेलें नाहीं, किंबहुना त्यांत कांहीं वावगें झालें असें त्यास वाटलेलें दिसत नाहीं. त्या मुलखांत बेगारीची चाल होती. प्रवासी साहेब आला कीं गांवानें ठराविक माणसें पुरवावयाचीं, मग शेतांत पीक उभें असो वा घरीं कोणी आजारी असो. मजुरी मिळाली तर अल्प, नाहीं तर तीही नाहीं. उंच खिंडींतून अनवाणी किंवा गवताच्या चपला घालून कांचेच्या पेट्या वाहावयाच्या, आणि कांच फुटली तर बोलणीं खावयाचीं. पळून जाण्यापलीकडे त्यांच्या हातीं दुसरें काय होतें? ही चाल पुढें साठ वर्षें टिकली. कुमाऊंमध्यें जानेवारी १८२१ नव्हे तर तब्बल शंभर वर्षांनंतर, म्हणजे १९२१ च्या मकरसंक्रांतीस, बागेश्वर येथें लोकांनीं बेगारीच्या वह्या शरयू नदींत बुडविल्या. आणि त्याच सुमारास सिमल्याच्या डोंगरांत कोटगढचे सत्यानंद स्टोक्स यांनीं या चालीविरुद्ध चळवळ चालविली. बोर्नची चित्रें पाहतांना हा हिशेब आम्हांस विसरतां येत नाहीं.

दुसरी स्वारी काश्मीरची. मार्च १८६४ मध्यें लाहोराहून निघून कांगडा, डलहौसी व चंबा या मार्गानें तो काश्मिरांत उतरला. या वेळचें सामान पाहण्याजोगें आहे. बारा इंची कांचा २५०, त्याहून लहान ४००, दोन कॅमेरे, दहा फूट उंचीचा व तळाशीं दहा फूट चौरस असा तंबू, औषधांच्या पेट्या, आणि साहेबी संसाराचें इतर साहित्य. हें सारें उचलावयास ४२ हमाल लागले. चंब्याकडील खोरीं पाहून त्याचें मन प्रसन्न झालें, आणि श्रीनगरास तर त्यास इंग्लंडपासून मनांत बाळगलेलें चित्र सांपडलें. झेलमचे लांकडी पूल, दाल सरोवराचें निश्चल पाणी, दोहों बाजूंस सरळ उभ्या असलेल्या पॉपलर वृक्षांची लांबच लांब वाट. ही वाटेची प्रतिमा फार प्रसिद्ध आहे. झाडांच्या दोन रांगा दूर जाऊन एका बिंदूंत मिळतात आणि मधोमध उजेडाची पट्टी पडलेली आहे. निश्चल पाणी त्याच्या कांचेस मानवे, कारण तें कित्येक सेकंद हलत नसे! पुढें सिंध खोऱ्यांत फिरून, वर्षअखेरीस तो मैदानांत परतला. छायाचित्रकलेमुळें मनुष्याची निसर्गाकडे पाहण्याची दृष्टि सूक्ष्म होते, कॅमेरा जवळ नसतांही तो सौंदर्य शोधूं लागतो, अशा आशयाचे विचार त्यानें आपल्या लेखांत मांडले आहेत, आणि ते आम्हांस यथार्थ वाटतात. तीच दृष्टि ओझेंवाल्याच्या खांद्यावरील वळाकडे मात्र वळली नाहीं.

तिसरी स्वारी सर्वांत मोठी. ३ जुलै १८६६ रोजीं सिमला सोडून, डॉ. प्लेफेअर नांवाच्या भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकासह तो कुलूकडे निघाला. कुलूचे हिरवे उतार व प्रचंड देवदार मागें टाकून लाहौलमध्यें उतरावें, आणि कुंजम खिंड ओलांडून स्पितींत शिरावें, तों सृष्टि पार पालटते. पावसाचे ढग अलीकडच्या रांगांवरच रिते होतात. पलीकडे तुरळक पाऊस, त्यामुळें झाड नाहीं, गवत बेताचें, नुसते पिवळे, तांबूस, करडे डोंगर आणि त्यांच्या कड्यांवर चिकटलेले बौद्ध मठ. एकाच पर्वताचीं हीं दोन रूपें इतक्या जवळ जवळ असावीं याचा विस्मय बोर्नच्या चित्रांतून आजही होतो. एका कांचेवर देवदाराच्या बुंध्याशीं उभा असलेला माणूस मुंगीएवढा दिसतो. दुसरीवर माणूसच काय, झुडुपही नाहीं.

स्पितीहून किन्नौरांत उतरावयाचें तर मणिरंग खिंड चढावी लागते. तिची उंची बोर्नच्या हिशेबानें १८,६०० फूट. तेथें श्वास पुरत नाहीं, डोकें ठणकतें, पाणी गोठतें. आणि ओल्या कांचेच्या कामास तर पाण्यावांचून गति नाहीं. अशा जागीं तंबू उभारून त्यानें चित्रें घेतलीं. इतक्या उंचीवर त्यापूर्वीं कोणीं छायाचित्र काढिल्याचें ज्ञात नाहीं, आणि पुढें सुमारें वीस वर्षें हा विक्रम अबाधित राहिला असें सांगतात. तीं चित्रें आम्हीं छापील पुस्तकांत पाहिलीं आहेत. देखावा साधाच आहे: बर्फाचा उतार, काळे सुळके, कोरें आकाश. परंतु बर्फावर कांहीं माणसें बसलेलीं दिसतात. तीं त्याच्या बरोबरचीं. त्यांचीं नांवें कोठें नाहींत. चित्राच्या कोंपऱ्यांत मात्र कांचेवर खरडलेली बोर्नची सही आणि अनुक्रमांक आहे, कारण गिऱ्हाइकानें यादींतील अंक कळविला म्हणजे सिमल्याहून तें चित्र त्यास टपालानें मिळे.

तेथून बास्पा नदीच्या रम्य खोऱ्यानें व नेला खिंडीनें तो गंगेच्या उगमाकडे वळला. गंगोत्रीच्या वर गोमुखापाशीं, जेथें हिमनदीच्या टोंकाशीं असलेल्या बर्फाच्या गुहेंतून भागीरथी बाहेर पडते, तेथें त्यानें कॅमेरा लाविला. या देशांतील कोट्यवधि लोक ज्या स्थानाचें नांव घेऊन स्नान करीत, तें तोंवर बहुतेकांनीं केवळ ऐकलेलेंच होतें. त्या वर्षाच्या नाताळाच्या सुमारास तो सिमल्यास परत आला.

यापुढचा भाग लवकर सांगून होण्यासारखा आहे. १८६७ सालीं तो विलायतेस जाऊन विवाह करून आला, दक्षिण हिंदुस्थानांतील देवळें व निलगिरीचे डोंगर यांचीं चित्रें त्यानें घेतलीं, आणि १८७०-७१ च्या हिवाळ्यांत त्यानें हा देश कायमचा सोडला. अवघ्या सात-आठ वर्षांत त्यानें दोन हजारांहून अधिक कांचा तयार केल्या होत्या. नॉटिंगहॅमला मेहुण्याच्या भागीदारींत त्यानें सुतास पीळ देण्याची गिरणी काढिली, तींत त्यास पैसा मिळाला, गांवचा मॅजिस्ट्रेट म्हणून मानही मिळाला. कॅमेरा त्यानें अगदींच टाकिला नाहीं, परंतु उतारवयांत त्याचा ओढा जलरंगांच्या चित्रांकडे अधिक होता. २४ एप्रिल १९१२ रोजीं तो नॉटिंगहॅम येथें मरण पावला. ज्यानें ऐन तारुण्यांत एवढें केलें, त्यानें पुढचीं चाळीस वर्षें सूत पिळण्यांत घालवावीं याचें आम्हांस नवल वाटतें. पण कदाचित् त्यास स्वतःस तसें वाटलें नसेल.

त्याच्या कांचा मात्र हिंदुस्थानांतच राहिल्या. कलकत्त्याच्या 'बोर्न आणि शेफर्ड' दुकानांतून पिढ्यान् पिढ्या त्यांच्या प्रती छापून विकल्या जात. ६ फेब्रुवारी १९९१ रोजीं त्या इमारतीस आग लागली आणि मणिरंगवरून, सतलजच्या कड्यांवरून, हमालांच्या पाठीवरून न फुटतां आलेल्या त्या कांचा एका दिवसांत गेल्या. २०१६ सालीं तें दुकानही बंद झालें. पूर्वीं छापलेल्या प्रती लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीसारख्या संग्रहांतून जतन केलेल्या आहेत.

त्यांतील गोमुखाच्या चित्राकडे अलीकडे निराळ्याच कारणासाठीं लक्ष जातें. गंगोत्रीची हिमनदी मागें हटत चालली आहे; १९३५ सालीं तिच्या टोंकाची मोजणी झाली, तेव्हांपासून आजवर तें एक किलोमीटरहून अधिक मागें सरकलें आहे. बोर्ननें १८६६ सालीं ज्या जागीं बर्फाची भिंत टिपली, तेथें आतां दगडगोटे पसरलेले आहेत, आणि त्यांमधून नदी वाहते.